न्यूनगंडाचा व्यापार

सुरतेहून ताप्ती मार्गाने खानदेशाकडे निघालेल्या गाडीत खिडकीशी बसावे आणि उधना मागे पडल्यावर रुळांकाठच्या भिंती वाचीत जावे. सिमेंट, बी-बियाणे आणि शिकवणी वर्ग यांच्या जाहिरातींच्या शेजारी एक मजकूर पुनःपुन्हा दिसतो : गुप्तरोग, मर्दानी कमजोरी, इंद्रियाचा लहानपणा, खात्रीचा इलाज, निराश झालेल्यांनी एकवार अवश्य भेटावे. हा केवळ याच मार्गाचा विशेष नव्हे. देशातील कोणत्याही मोठ्या शहरात शिरणाऱ्या रुळांच्या दुतर्फा हेच वाङ्मय आहे. कुटुंबासह प्रवास करणारा गृहस्थ ते पाहून न पाहिल्यासारखे करतो. पण ज्याच्यासाठी ते रंगविलेले असते तो अठरा-वीस वर्षांचा तरुण ते अक्षर न् अक्षर वाचतो आणि त्याविषयी कोणाजवळही ब्र काढीत नाही.

हा विषय अग्रलेखाच्या जागेला शोभणारा नाही, असे काही वाचकांना वाटेल. त्यांच्या संकोचाचा आम्हांस आदर आहे. परंतु ज्या संकोचावर कोणी तरी आपले पोट भरतो आणि ज्याच्यापायी घरातील मुलगा आतल्या आत कुढत राहतो, तो संकोच सद्गुण राहात नाही. म्हणून पुरुषाच्या जननेंद्रियाच्या आकाराविषयी तरुणांच्या, आणि तरुणांच्याच का, प्रौढांच्याही मनात जी चिंता घर करून बसलेली असते, तिच्याविषयी आज सरळ शब्दांत लिहावयाचे आम्ही ठरविले आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०१५ साली इंग्लंडमधील काही वैद्यकांनी निरनिराळ्या देशांत झालेल्या मोजमापांचे संकलन प्रसिद्ध केले. ही मोजमापे वैद्यकीय व्यक्तींनी घेतलेली होती, पुरुषांनी स्वतःविषयी सांगितलेली नव्हती, हे महत्त्वाचे. एकंदर १५,५२१ पुरुषांच्या या मोजणीत उत्थित अवस्थेतील सरासरी लांबी १३.१२ सेंटिमीटर आणि शिथिल अवस्थेतील ९.१६ सेंटिमीटर भरली. आपल्याकडील माणसे यात कोठे बसतात, असा प्रश्न कोणाच्या मनात आला, तर त्यालाही उत्तर आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पुरुषांच्या एका पाहणीत उत्थित अवस्थेतील सरासरी १३.०१ सेंटिमीटर निघाली. म्हणजे फरक एक मिलिमीटरच्या आसपासचा. ज्या न्यूनतेचा डांगोरा भिंतीवर पिटला जातो, ती मोजपट्टीला सापडत नाही. शिथिल अवस्थेत दोघांत जो फरक दिसतो तो उत्थित अवस्थेत पुष्कळसा कमी होतो, हेही मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९६६ सालीच नोंदवून ठेवले आहे. खरोखर अविकसित इंद्रिय ही अत्यंत विरळा आढळणारी गोष्ट आहे. ती बहुधा बालपणीच डॉक्टरांच्या ध्यानात येते आणि तिच्यावर संप्रेरकांचे उपचारही आहेत.

मग ही खंत येते कोठून? इटलीतील फ्लॉरेन्स येथे इंद्रिय लहान असल्याची तक्रार घेऊन आलेल्या ६७ पुरुषांची तपासणी झाली आणि तिचा अहवाल २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी एकाचेही माप सर्वसाधारण मर्यादेच्या खाली नव्हते. उलट, बहुतेकांनी 'सर्वसाधारण' म्हणजे किती याविषयी मनाशी धरलेला अंदाजच प्रत्यक्षाहून मोठा होता. आणि ही खंत कधीपासून, असे विचारता निम्म्याहून अधिकांनी बालपणाकडे बोट दाखविले. सवंगड्यांच्या शरीराशी मुलाने मनातल्या मनात केलेली तुलना त्याच्या चाळिशीपर्यंत पाठलाग करू शकते, असा याचा अर्थ.

अमेरिकेतील एक मोठी पाहणी या बाबतीत अधिक बोलकी आहे. बावन्न हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांनी दिलेल्या उत्तरांवर आधारलेले तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. आपले इंद्रिय सरासरीहून लहान आहे असे म्हणणारे पुरुष शेकडा १२ होते, पण ते याहून मोठे असते तर बरे, असे वाटणारे शेकडा ४५ निघाले. स्वतःविषयी समाधानी असे पुरुष शेकडा ५५, तर जोडीदाराविषयी समाधानी अशा स्त्रिया शेकडा ८५. अमेरिकेतील वाचकांनी स्वखुशीने दिलेली ही उत्तरे सुरतेस किंवा रत्नागिरीस जशीच्या तशी लागू पडतील असे आम्ही म्हणत नाही. तथापि एवढे त्यांवरून दिसते की ज्या स्त्रीच्या नावाने पुरुष ही चिंता वाहतो, त्या स्त्रीला तिची बहुधा कल्पनाही नसते.

याच पाहणीतील आणखी एक निष्कर्ष आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जे पुरुष या बाबतीत स्वतःला मोठे समजत होते, ते आपल्या चेहऱ्यामोहऱ्याविषयी आणि एकंदर शरीराविषयीही अधिक समाधानी होते. जे लहान समजत होते, ते इतर अंगांविषयीही असमाधानी होते. तेव्हा इंद्रियाविषयीचे समाधान ही सुटी गोष्ट नाही. माणूस आपल्या सबंध देहाकडे ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेचाच तो एक भाग आहे. पोट सुटले, केस विरळ झाले, खांदे अरुंद वाटू लागले की हाही संशय बळावतो. पोटाखाली चरबी साठली की इंद्रियाचा काही भाग तीत झाकला जातो, आणि वरून खाली पाहणाऱ्याला स्वतःचे अंग नेहमीच आखूड दिसते, हे साधे कारण त्याला कोणी सांगितलेले नसते.

सुरतेतील आपल्या मराठी वस्तीकडे या दृष्टीने पाहावे. लिंबायत, उधना, नवागाम, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली हजारो कुटुंबे स्थिरावली आहेत, आणि एकटी आलेली पोरेही पुष्कळ आहेत. यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी, दाटीची खोली, वडील गावाकडे, लग्न लांबलेले. मनातील शंका विचारावयास त्यांच्यापाशी माणूस नाही, हातातील मोबाइल मात्र आहे. त्या पडद्यावर जी उघडीवाघडी चित्रे दिसतात, त्यांतील पुरुष आकार पाहून निवडलेले असतात आणि छायाचित्रकाराच्या युक्तीने ते आणखी मोठे दाखविलेले असतात, हे त्या पोराला ठाऊक नसते. सर्कशीतील पहिलवान पाहून गावातील सर्व पुरुषांना दुबळे ठरवावे, तसा हा न्याय आहे. पण शंका घेऊन तो जातो तो भिंतीवरच्या पत्त्यावरच.

पूर्वीचे सारे चांगले होते असे म्हणण्याचा मोह येथे आम्ही टाळतो. गावोगावच्या तालमींत शरीराची किंमत जोर-बैठकांवरून, उचललेल्या ओझ्यावरून आणि मारलेल्या कुस्तीवरून होत असे, आणि आजच्या व्यायामशाळेत ती चारही भिंतींना लावलेल्या आरशांवरून होते, हा फरक खरा आहे. परंतु त्याच तालमींत वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे इतके थेंब असा हिशेब सांगून पोरांना घाबरविलेही जात असे. झोपेत किंवा लघवीवाटे धातू जातो, या भयाने खंगलेले रुग्ण भारतीय डॉक्टरांना इतके भेटत की १९६० साली मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी त्या अवस्थेला 'धात सिंड्रोम' असे नावच दिले. आजोबांना धातूची भीती होती, नातवाला आकाराची आहे. भीतीचे नाव बदलले, भीती घालणारा बदलला नाही.

आपल्या परंपरेच्या नावाने हा व्यापार चालतो, म्हणून परंपरेने काय सांगितले आहे तेही पाहिले पाहिजे. वात्स्यायनाने कामसूत्रात पुरुषांचे शश, वृषभ आणि अश्व असे प्रकार केले, पण त्यांच्या जोडीला स्त्रियांचेही तीन प्रकार केले आणि भर दिला तो परस्परानुरूपतेवर. त्या ग्रंथाच्या अखेरीस वृद्धीचे काही प्रयोग सांगितले आहेत, हे खरे. त्या काळी शूक नावाच्या विषारी जीवांचा लेप याकरिता लावीत असत. परंतु सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात एक सबंध अध्याय या लेपाच्या दुष्परिणामांना दिलेला आहे. वृद्धीच्या इच्छेने भलत्या मार्गाला लागणाऱ्यांना होणारे अठरा व्याधी सुश्रुताने तेथे सांगितले आहेत. इतक्या शतकांपूर्वी एका भारतीय वैद्याला या हव्यासाची किंमत दिसली होती. आज आयुर्वेदाचे नाव डब्यावर छापून तेल आणि चूर्ण विकणाऱ्यांना हा अध्याय मात्र आठवत नाही.

या तेल-चूर्णांनी आकार वाढतो, याला कसलाही पुरावा नाही. शस्त्रक्रियेची गोष्ट निराळी नाही. चरबी भरून जाडी वाढविणे किंवा इंद्रियाला आधार देणारा बंध छेदून लांबी वाढविणे, या दोन्ही क्रिया सुरक्षित अथवा परिणामकारक सिद्ध झालेल्या नाहीत, अशी अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिका आहे. शिवाय 'वनस्पतीजन्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक गोळ्यांत सिल्डेनाफिलसारखे औषध चोरून मिसळलेले वेळोवेळी आढळले आहे. हृदयविकारासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याच्या पोटात ते गेले तर रक्तदाब एकाएकी घसरून जीवावर बेतू शकते. आणखी एक हानी दिसत नाही म्हणून अधिक भयंकर. इंद्रियाला ताठरता न येणे हे कित्येकदा मधुमेहाचे किंवा रक्तवाहिन्यांच्या विकाराचे पहिले लक्षण असते. जो गृहस्थ लाजेपोटी तंबूतल्या वैदूकडे जातो, तो पैशांबरोबर उपचाराची वेळही गमावून बसतो.

या रोगाचे मूळ शरीरात नसून ऐकीव भयात आहे, याची साक्ष इतिहासात आहे. १९६७ साली सिंगापुरात डुकराच्या मांसाविषयी एक अफवा उठली आणि आपले इंद्रिय आक्रसून पोटात जात आहे, या भयाने शेकडो पुरुष दवाखान्यांकडे धावले. तज्ज्ञांनी नभोवाणीवरून आणि दूरचित्रवाणीवरून शांतपणे सत्य सांगितले, तेव्हा ती साथ ओसरली. आपल्याच देशात १९८२ साली आसाम आणि उत्तर बंगालमध्ये हीच भयाची लाट आली होती. ज्या सुरतेने १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या बातमीने लोकांना मिळेल त्या गाडीने शहर सोडताना पाहिले, तिला भय किती वेगाने पसरते हे सांगावयास नको. त्या वेळी निदान जंतूची शंका तरी होती. येथे तर जंतूही नाही.

कायद्याने या बाबतीत काही केले नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा १९५४ सालीच झाला. लैंगिक सुखाची क्षमता टिकविणाऱ्या किंवा वाढविणाऱ्या औषधांची जाहिरात त्याने निषिद्ध ठरविली. या कायद्याला आव्हान देणाऱ्या हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या डिसेंबरात निकाल दिला. काही तरतुदी रद्द झाल्या, पण असल्या जाहिरातींना विचारस्वातंत्र्याचे कवच मिळणार नाही हे न्यायालयाने स्पष्ट केले आणि ही बंदी कायम राहिली. इंद्रियाचा आकार सुधारण्याचा दावा औषधाने करू नये, असे औषधविषयक नियमांच्या 'जे' अनुसूचीतही नमूद आहे. कायदा इतका स्पष्ट असूनही भिंती रंगलेल्याच आहेत.

आणि केवळ भिंतीच का? वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींच्या स्तंभांत हाच माल वर्षानुवर्षे विकला गेला आहे. पहिल्या पानावर समाजसुधारणेचा उपदेश आणि आतल्या पानावर पौरुषाची हमी देणारी चौकट, हा विसंगतीचा दोष मराठी पत्रसृष्टीच्या पदरी आहे आणि आम्ही त्यातून स्वतःला वगळीत नाही. असली जाहिरात यापुढे या पत्रात दिसल्यास वाचकांनी ती कापून संपादकांच्या नावे पाठवावी. तिचा जाब आमच्याकडून मागण्याचा त्यांना अधिकार आहे.

मराठी पत्रसृष्टीला याहून उज्ज्वल वारसाही आहे, याची आठवण या निमित्ताने करावीशी वाटते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली आपला देह पडेपर्यंत चालविले. वाचकांनी भीत भीत विचारलेल्या प्रश्नांना ते शास्त्राच्या आधारे, एकही शब्द न चघळता उत्तर देत. या उत्तरांपायीच त्यांच्यावर १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दोनशे रुपये दंड झालाच. ज्या समाजाने कर्व्यांना दंड केला, त्या समाजाने वैदूंना मोकळे रान दिले, आणि त्याची फळे त्याची मुले भोगीत आहेत. पुढे मुंबईचे डॉ. महिंदर वत्स यांनी २००५ पासून एका इंग्रजी दैनिकात वाचकांच्या अशाच शंकांना उत्तरे दिली. २०२० च्या डिसेंबरात वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत प्रश्नांचा ओघ आटला नव्हता. डॉ. विठ्ठल प्रभू यांचे 'निरामय कामजीवन' मराठी घरांत पोहोचले, पण बहुधा कपाटातील कपड्यांच्या घडीखाली.

मग करावयाचे काय? शाळेत हे शिकवावे म्हटले की ओरड होते. २००७ च्या सुमारास किशोरवयीनांच्या शिक्षणाचा केंद्राचा कार्यक्रम महाराष्ट्र, गुजरातसह अनेक राज्यांत संस्कृतिरक्षणाच्या नावाने रोखला गेला. मुलांना डॉक्टरांकडून कळू नये म्हणून आपण जपलो, आणि ती मोबाइलकडून शिकली. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतून तरुणांसाठी सल्ला-केंद्रांची सोय आहे. सुरतेत नवे सिव्हिल रुग्णालय आहे, महापालिकेचे स्मीमेर रुग्णालय आहे. तेथे त्वचारोग, मूत्ररोग आणि मानसोपचार या विभागांत बसणारा डॉक्टर अशा रुग्णाला पाहून हसत नाही. रोज त्याच तक्रारी ऐकणाऱ्याला हसू येण्याचे कारणही नसते. आपल्या मंडळांनी आणि गणेशोत्सव समित्यांनी वर्षातून एक सायंकाळ अशा डॉक्टरांच्या व्याख्यानासाठी राखली, तर आलेल्या पोरांपैकी दहा जणांचे तरी पैसे आणि मनःस्वास्थ्य वाचेल.

वडिलांना आमचे सांगणे याहून साधे आहे. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला की एखाद्या दिवशी त्याला बरोबर घेऊन फिरावयास जावे आणि सांगावे की माणसांची नाके, उंची आणि पावले जशी निरनिराळी, तसेच हेही. यावरून पुरुषाची किंमत ठरत नाही. आणि काही शंका वाटली तर भिंतीला विचारू नकोस, मला विचार. बोलताना जीभ अडखळेल, मुलगा मान खाली घालील, संभाषण पाच मिनिटांत संपेल. तेवढी पाच मिनिटे पुरेशी आहेत. ज्या मित्रमंडळींत एखाद्याच्या शरीरावरून थट्टा चालते, तेथे वडीलधाऱ्याने ती थांबवावी, हेही तितकेच आवश्यक आहे. फ्लॉरेन्सच्या त्या रुग्णांची खंत बालपणीच्या तुलनेतूनच उगवली होती, हे विसरू नये. आणि पतिपत्नींत विश्वास असेल तर जो प्रश्न पुरुष वर्षानुवर्षे वैदूला विचारतो, त्याचे उत्तर त्याला घरातच मिळेल.

श्रवणबेळगोळच्या डोंगरावर हजारांहून अधिक वर्षे बाहुबलीची सुमारे सत्तावन्न फुटांची दिगंबर मूर्ती उभी आहे. तिच्यापुढे स्त्रिया, मुले, वृद्ध हात जोडून उभे राहतात, आणि त्या देहाचे माप काढण्याचे कोणाच्या मनात येत नाही. प्राचीन ग्रीक शिल्पकारांनीही आपल्या वीरांना लहान इंद्रिय दिले, कारण त्यांच्या लेखी ती संयमाची खूण होती. देहाकडे निर्भयपणे पाहण्याची दृष्टी मानवजातीला अपरिचित नाही. ती आपण हरवून बसलो आहोत, एवढेच.

प्लेगनंतर १९९५ साली आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकीर्दीत सुरतेने आपल्या गटारांचे आणि उकिरड्यांचे तोंड पाहिले, हाती झाडू घेतला, आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर इंदूरच्या जोडीने पहिले आले. घाण झाकून ठेवण्याने शहर स्वच्छ झाले नाही, ती उपसल्याने झाले. महापालिकेने रुळांकाठच्या आणि पुलांखालच्या या बेकायदा जाहिरातींवर चुना फासण्याचे काम उद्या हाती घ्यावे, त्यास कायद्याचा आधार सत्तर वर्षांपासून आहे. परंतु घरातील मौनावर कोणतीही महापालिका चुना फासू शकत नाही. ते काम ज्याचे त्याने, आपल्या उंबरठ्याच्या आत, आपल्या मुलाशी बोलूनच करावयाचे आहे.